मूठ

वैती मॅडमनी माझा हात हातात घेतला,
बोटं एकेक करून मिटवली
आणि म्हणाल्या, भात एवढा.
तुमची मूठ, मिस्टरांची नाही.
पाचपाखाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक,
खाली फरसाणचं दुकान.
कढईचा वास जिन्याने वर येतो,
त्याचं त्याही काही करू शकत नाहीत.

वागळे इस्टेटमध्ये एकोणीस वर्षं
मी खोक्यांच्या कारखान्याचे हिशेब लिहिते.
रिक्षाचे तीस रुपयेसुद्धा
व्हाउचरशिवाय माझ्या हातून सुटत नाहीत.
मालक म्हणतात, पेडणेकरबाई आहेत तोवर
ऑडिटरने झोपा काढाव्यात.
आणि मला सांगता आलं नाही
काल संध्याकाळी काय खाल्लं ते.

लिहा, म्हणाल्या. आठवडाभर फक्त लिहा,
सोडू काहीच नका.

चार वाजता चहा, दोन खारी.
चार दहा, आणखी एक, तुटकी होती म्हणून.
(तुटलेलं मोजायचं नाही, हा आमच्या टेबलाचा नियम.)
पाच चाळीस, कुणाच्या तरी बढतीचा पेढा, अर्धा.
पाच पंचेचाळीस, उरलेला अर्धा.
रात्री अकरा. भूक नाही. शेवेची बरणी.

शेवेच्या ओळीखाली पेन थांबलं नाही.
अकरा पाच, मोबाइल. कुर्ता, सहाशे नव्व्याण्णव.
अकरा बारा, डब्यांचा सेट, घट्ट झाकणांचा,
शेव ठेवायला.
यांची रात्रपाळी, शर्वाणी हॉस्टेलला,
आणि घर इतकं आवरलेलं
की हात कुठेतरी घालायलाच हवा.

‘सगळं बंद’ मी आधी करून पाहिलं होतं.
श्रावणभर साखर बंद,
कार्ड कपाटात, पैठणीच्या घडीत.
भाद्रपदात दोन्ही बाहेर,
पैठणीला जोडीला आणखी एक साडी.
एकादशी अन् दुप्पट खाशी:
म्हण जेवणाची आहे असं वाटायचं मला,
बँकेचं स्टेटमेंट नीट वाचेपर्यंत.

वैती मॅडम उपाशी ठेवत नाहीत.
आधी भाजी वाढून घ्या, म्हणतात,
मग भात, जागा उरेल तेवढाच.
एक तारखेला पगार आला
तसा मी आधी कार्डाचा हप्ता वाढला, भरघोस.
‘किमान रक्कम’ म्हणजे नुसतं पाणी पिऊन
भूक मारायची, ते आता नको.
मग रिकरिंगचे हजार, कोशिंबिरीएवढे.
उरलं त्यात महिना.
भिशी तेवढी सोडली नाही.
लोकमान्यनगरच्या आम्ही बाराजणी,
दरमहा दोन हजार आणि बटाटेवडे.
एक वडा. लिहून.

राहिली मूठ.
झाकली तर सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी एक लाख सव्वीस हजार चारशेची होती,
वर महिन्याला साडेतीन टक्के,
साखरेसारखीच न दुखता वाढणारी,
तीन वर्षं यांच्यापासून पाठीमागे धरलेली.

रविवारी कचराळी तलावाच्या तिसऱ्या फेरीत
ती उघडली.
हेमकांत चालत राहिले.
पुढच्या बाकापाशी वाकून
बुटाची लेस बांधली, बराच वेळ,
सुटलेली नव्हती ती.
मग विचारलं, किती?

रक्तातला आकडा विचारतायत की बँकेतला,
मला कळेना.
मी दोन्ही सांगितले.

फाटकाबाहेर कारल्याचा रसवाला उभा असतो.
आम्ही दोन ग्लास घेतले, काही न बोलता.
तोंड दोघांचंही सारखंच वाकडं झालं.

रात्री वही उघडली
तर माझ्या नाश्त्याच्या ओळीखाली त्यांचं अक्षर:
रस, दोन ग्लास, चाळीस रुपये.
त्याखाली आणखी एक ओळ,
लिहून, मग गच्च खोडलेली.
दिव्यासमोर धरून पाहिली.
शेवटचा शब्द ‘हजार’ असावा.
आधीचा काही लागत नाही.